लाल दोरा आणि झेंडूची गोळी

सुरत शहराच्या डिंडोली भागात राहणारे वाल्मिक सुकदेव महाजन हे कडोदऱ्याच्या एका खात्यात कापड तपासण्याचे काम करीत असत. मागांच्या कारखान्याला तिकडे खाते असेच म्हणतात. तेथे एकूण अठ्ठेचाळीस माग होते, ते चालवणारे कारीगर होते, आणि विणून झालेले सर्व कापड शेवटी एकाच माणसाच्या डोळ्यांखालून जात असे. तो माणूस म्हणजे वाल्मिकनाना. बावीस वर्षे त्यांनी संशय घेण्याचे काम केले आणि ते इतके चोख केले की, त्यांनी पास केलेला एकही ताका व्यापाऱ्याकडून परत आला नाही.

ताका म्हणजे मागावरून उतरलेली कापडाची अखंड गुंडाळी. नाना ती तिरक्या काचेच्या टेबलावरून हळूहळू ओढून घेत. काचेखाली ट्यूबलाइट जळत असे. धागा तुटलेला दिसला, तेलाचा डाग दिसला किंवा वीण विरळ वाटली, की ते त्या जागी किनारीला लाल दोरा बांधत. लाल दोरा ही शिक्षा नव्हती. त्याचा अर्थ एवढाच होता की, येथे पुन्हा पाहा. तथापि एका ताक्यावर फार दोरे झाले, तर तो सेकंड मालात जाई, आणि कारीगराच्या दृष्टीने शिक्षा व्हायला तेवढे पुरेसे होते.

नानांच्या दोन सवयी खात्यात सर्वांना ठाऊक होत्या. उभा धागा सरळ आहे की नाही हे पाहताना ते डावा डोळा मिटून घेत आणि उजव्या डोळ्याने, गवंडी ओळंबा पाहतो तसे, धाग्याच्या रेषेत पाहत. दुसरी सवय शिकवण्याची होती. तपासणीला नवा माणूस आला, की नाना त्याला एक कापडाचा तुकडा टेबलावर ठेवून चौथाई फिरवायला लावीत आणि विचारीत, "डाग कापडसंगे फिरना का? फिरना तर तो कापडना. नही फिरना तर तो लाइटनी सावली शे, दोरा बांधू नको." असे शिकून गेलेली माणसे पुढे पलसाणा, चलथाण अशा ठिकाणी तपासनीस झाली.

त्या वर्षी दिवाळीनंतर खात्याने चौकडीचे कापड विणायला घेतले. बाकीच्या मागांवर नेहमीचे सपाट पांढरे कापड चालू राहिले, फक्त मगन नावाच्या कारीगराचे माग चौकडीला लावले गेले. मगन हा नानांप्रमाणेच पारोळ्याकडचा, त्यांच्या शेजारगावचा, चाळिशीचा, हाताने वेगवान आणि तोंडाने त्याहून वेगवान असा मनुष्य होता. त्याचा पहिला ताका टेबलावर आला आणि नानांचा हात थांबला. चौकडीच्या उभ्या रेषा मध्यभागी वाकल्या होत्या. पाण्यात काठी तिरकी दिसावी, तशा त्या एके ठिकाणी आत ओढल्या जाऊन पुन्हा सरळ होत होत्या. नानांनी लाल दोरा बांधला. एक वावभर कापड पुढे ओढले, तेथेही तेच. त्यांनी पुन्हा दोरा बांधला. ताका संपला तेव्हा त्याची किनार लग्नातल्या झिरमिळ्यांसारखी लाल झाली होती.

मगनच्या मागाची, उभे धागे ओळीत ठेवणारी, फणी बदलण्यात आली. दुसरा ताका आला, त्यातही लहर होती. मिस्त्रीने ताण्याचा, म्हणजे उभ्या धाग्यांचा, रोल काढून पुन्हा चढवला. तिसरा ताका आला, त्यातही लहर होती. तेव्हा नानांच्या मनात असे आले की, माग दोषी नाही, माणूस दोषी आहे. मगन लवकर काम उरकण्यासाठी एका बाजूचा ताण मुद्दाम ढिला ठेवत असला पाहिजे. मिस्त्रीने फणी खरोखरच बदलली होती काय, की दोघांनी मिळून तीच पुसून पुन्हा बसवली, असाही विचार त्यांनी केला.

खात्याचे मालक भूपेंद्रभाई स्वतः टेबलापाशी आले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, कापड पाहिले आणि मान हलवली.

"काका, मला तर काही दिसत नाही."

"शेठ, तुम्हाले दिसतं, तर माले कसाले ठेवतात?" नाना म्हणाले.

आजूबाजूचे कारीगर हसले. भूपेंद्रभाईही हसले, कारण उत्तर खरे होते. मात्र मगन हसला नाही. "नाना," तो म्हणाला, "फणी बदली, रोल भी परत चढाया. मनी चूक व्हई तर माले बोट ठेईसन दखाडा."

"कारीगरनी टेबलजोडे उभं ऱ्हावानं नही," नानांनी त्याला खडसावले. तपासणीच्या वेळी कारीगराने जवळ थांबू नये, त्याने गोड बोलून किंवा डोळे वटारून तपासनिसाचे मन फिरवू नये, हा नानांनीच घातलेला नियम होता. मगन मागे सरकला, पण जाता जाता ऐकू येईल असे बोलला, "बोट कोठे ठेवतीन? बोट ठेवाले आधी दिसाले जोयजे."

भूपेंद्रभाईंनी निर्णय दिला की, चौथ्या ताक्यातही लहर निघाली तर मगनकडून माग काढून घ्यावेत. चौथा ताका सोमवारी उतरणार होता.

मगनचे ते वाक्य नाना घरी घेऊन आले आणि ते त्यांना जेवताना घासागणिक टोचत राहिले. त्याच संध्याकाळी त्यांची सून नूतन हिने त्यांच्यापुढे एक बाटली ठेवली.

नूतन ही उधन्याच्या एका औषधांच्या दुकानात काउंटरवर काम करीत असे. तिचा जन्मच सुरतेचा असल्यामुळे तिच्या बोलण्यात अहिराणी कमी आणि गुजराती जास्त होती. बाटलीत नारिंगी रंगाच्या, तेलाने भरलेल्या मऊ गोळ्या होत्या.

"नाना, रोज जेवणानंतर एक घ्यायची. डोळ्यांसाठी आहे. झेंडूच्या फुलातला रंग काढून बनवतात."

नानांनी बाटलीला हात लावला नाही. "कोनी सांगं तुले, मना डोया खराब शेतस म्हनून?"

"कोणी कशाला सांगेल? परवा तुम्ही चहा कपाच्या बाहेर ओतला. कॅलेंडर बघताना मान वाकडी करता. मी विचारलं होतं ने, फरशीच्या रेघा सरळ दिसतात का? तुम्ही न बघताच म्हणालात, रेघा सरळच असतात."

"मंग? वाकड्या असतीस का?"

नानांच्या पत्नी मालतीबाई भाकरी थापत होत्या. तव्यावरून नजर न काढता त्या म्हणाल्या, "आयकी तं ल्या. पोर घरनी शे, फेरीवाली नही."

पण नानांच्या मनात तपासणी सुरू झाली होती. न मागता दिलेल्या वस्तूमागे कारण असते. मगन कडोदऱ्यात बोलतो काय आणि डिंडोलीत गोळ्या येतात काय! दोघांचे बोलणे झाले असेल काय? की दुकानात न खपलेला माल घरच्या म्हाताऱ्यावर खपवायचा? की आपल्याला आंधळे ठरवून घरी बसवायचे, असे मुलाने आणि सुनेने आपसात ठरवले आहे? त्यांनी बाटली उचलून उजेडात फिरवली. अक्षरे इंग्रजी होती.

"काय लिखेल शे यानावर?"

नूतनने प्रामाणिकपणे वाचले. त्यात झेंडूच्या अर्काचे नाव होते, प्रमाण होते, आणि खाली एका चौकटीत असे छापले होते की, हे औषधी वापरासाठी नाही.

नाना खाटेवर ताठ बसले. "हाई औषध नही, मंग औषधना दुकानमा काय करी ऱ्हायनं?"

"अहो नाना, हे पूरक असतं. जेवणासारखं. म्हणून तर म्हणते, खरं म्हणजे दवाखान्यात डोळे दाखवा. तुम्ही येत नाही, म्हणून निदान हे तरी आणलं."

"झेंडूनं माले नको सांगू. मना बाप दसरासाठे झेंडू लावे. गाय तोंड लावस नही त्याले. आनि रंग? रंग कापडले देतस, मानूसले नही."

सुरतेत राहिलेल्या माणसाला रंगाविषयी कोणी शिकवावे लागत नाही. पांडेसऱ्याच्या रंगाई गिरण्यांतून संध्याकाळी बाहेर पडणारे कामगार कोपरापर्यंत कधी निळे, कधी गुलाबी असतात. रंग पक्का असतो किंवा कच्चा असतो, आणि कोणता रंग कोणता आहे हे फक्त धुवून व उन्हात घालून कळते. तेव्हा नानांनी ठरवले की, या गोळीचीही तशीच परीक्षा घ्यावी. शुक्रवारी सकाळी त्यांनी एका गोळीला सुई टोचली, पांढऱ्या सुती चिंधीवर तिचे तेल पिळले, वास घेतला आणि चिंधी ओट्यावर पसरून ठेवली. चिंधीवर दाट केशरी वर्तुळ उमटले. ते त्यांनी साबणाने चोळले. तेल गेले, पिवळेपणा राहिला. मग ती चिंधी गच्चीच्या तारेवर नात शीतल हिच्या शाळेच्या गणवेशाशेजारी वाळत घातली आणि शेजाऱ्यांच्या पोरांनी तिला हात लावू नये म्हणून तेथे दोन वेळा जाऊन पहाराही दिला.

रविवारी, म्हणजे सुट्टीच्या दिवशी, दुपारी त्यांनी चिंधी काढून आणली. पिवळेपणा जवळजवळ उडाला होता.

"दखा," त्यांनी ती चिंधी मालतीबाईंपुढे निशाणासारखी धरली. "कच्चा रंग. दोन दिवसनं ऊन सोसनं नही, आनि हाऊ मना डोया सांभाळी?"

नूतन कपड्यांच्या घड्या घालत होती. ती म्हणाली, "डोळे काय तारेवर वाळत घालायचे आहेत, नाना?"

मालतीबाईंना हसू आवरेना. नाना मात्र गंभीर होते. रंग पूर्ण उडाला की सुताच्या आत काही उरला, हे निश्चित केल्याशिवाय माल नापास करणे त्यांच्या नियमात बसत नव्हते. त्यासाठी धागे मोजण्याचे भिंग हवे होते. त्यांनी फळीवरचा पत्र्याचा डबा काढला. त्या डब्यात ते भिंग एका कापडात गुंडाळून ठेवलेले असे. ते कापड म्हणजे नानांनी आयुष्यात तपासलेल्या पहिल्या ताक्याचा तुकडा होता. तोही चौकडीचा होता. तेव्हाच्या मालकाने तो त्यांना देताना सांगितले होते की, यात एक धागा इकडचा तिकडे नाही, हे तुझे माप समज. नानांनी त्यातील धागे त्या काळी स्वतः मोजले होते आणि त्यानंतर बावीस वर्षे त्याला घरातल्या कोणालाही हात लावू दिला नव्हता.

त्यांनी भिंग बाजूला काढले आणि तुकडा खिडकीच्या कट्ट्यावर पसरला. चिंधी त्यावर ठेवण्यासाठी ते वाकले. सवयीने डावा डोळा मिटला गेला.

चौकडीच्या उभ्या रेषा मध्यभागी वाकल्या होत्या.

प्रथम त्यांना राग आला. कोणी तरी डबा उघडून तुकडा बदलला! त्यांनी मालतीबाईंकडे पाहिले, नूतनकडे पाहिले. मगनचा हात येथपर्यंत पोहोचला काय, असेही क्षणभर त्यांच्या मनात येऊन गेले. मग त्यांची नजर तुकड्याच्या कोपऱ्यावर गेली. तेथे त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी घातलेला निळ्या दोऱ्याचा टाका तसाच होता. तुकडा तोच होता.

तेव्हा त्यांनी तो चौथाई फिरवला. उभ्या रेषा आडव्या झाल्या, आडव्या उभ्या झाल्या. निळा टाका एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेला. लहर मात्र हलली नाही. ती जेथे होती तेथेच, बरोबर मध्यभागी, नानांच्या नजरेसमोर उभी राहिली. त्यांनी आणखी एकदा कापड फिरवले. नंतर डावा डोळा उघडला आणि उजवा मिटला. सर्व रेषा ओळंब्यासारख्या सरळ झाल्या.

हीच परीक्षा त्यांनी किती तरी माणसांना शिकवली होती. मगनच्या ताक्यांवर मात्र त्यांनी ती केली नाही. शंभर वारांचा ताका टेबलावर फिरवता येत नाही हे एक कारण होतेच. दुसरे कारण असे की, सर्व वस्तूंवर आणि सर्व माणसांवर संशय घेताना ते एका वस्तूला नेहमी वगळत आले होते, आणि ती वस्तू त्यांच्या स्वतःच्या कपाळाखाली होती.

नाना भिंतीला टेकून खाली बसले. चिंधी हातातच राहिली.

"काय जयं?" मालतीबाईंनी विचारले.

"काही नही. गुडघा दुखस."

त्या उत्तराचा आधार घेऊन त्यांनी पुष्कळ वेळ काढला. कोणालाही काही ठाऊक नव्हते. सोमवारी चौथ्या ताक्यावर दोरे बांधले नाहीत, तर मगन सुटेल आणि लोक म्हणतील की नानांनी कारीगराला वठणीवर आणले. डावा डोळा चांगला होता. उद्यापासून उजवा मिटून तपासले तर कोणाला कळणार होते? तसे केले तर नोकरीही राहिली असती आणि नावही राहिले असते. परंतु मगनचे तीन ताके सेकंड मालाच्या ढिगात पडून होते, त्यांच्या किनारी लाल होत्या, आणि ते दोरे नानांच्या हाताने बांधलेले होते. संध्याकाळी त्यांनी नूतनला जवळ बोलावले आणि प्रथमच तिच्या सांगण्याप्रमाणे डावा डोळा हाताने झाकून फरशीकडे पाहिले. त्यांनी काय दिसले ते सांगितले नाही. विचारले ते एवढेच की, दवाखाना सोमवारी किती वाजता उघडतो.

"सकाळी नऊला. मी येते बरोबर."

"दहाले जाऊत. पहिले माले कडोदऱ्याले जानं शे."

सोमवारी नाना शेअर रिक्षाने खात्यात पोहोचले तेव्हा पाळी नुकतीच सुरू झाली होती आणि मागांच्या खडखडाटात बोलणे ऐकू येत नव्हते. त्यांनी मगनला हाताने खूण करून टेबलापाशी बोलावले. मगन दूरच थांबला. ज्या नियमाने त्याला चार दिवसांपूर्वी मागे सारले होते, तो नियम त्याने आता मुद्दाम पाळला.

"आठे ये. टेबलजोडे ये."

"नको नाना. कारीगरनी उभं ऱ्हावानं नही."

"ये म्हनस ना!"

नानांनी सेकंडच्या ढिगातून मगनचा पहिला ताका ओढून काढला आणि किनारीवरचा पहिला लाल दोरा कात्रीने कापला. मग दुसरा. भूपेंद्रभाई काचेच्या खोलीतून बाहेर आले.

"काका, शुं थयुं? हे काय चाललं आहे?"

"शेठ, यान्हा माग काढू नका. खोट कापडमा नही. मना डोयामा शे." नानांनी खिशातून तो जुना तुकडा काढून टेबलावर ठेवला आणि चौथाई फिरवून दाखवला, जरी त्यांना जे दिसत होते ते दुसऱ्या कोणाला दिसणे शक्य नव्हते. "मी फिरायी दखं. फिरनी नही."

खात्यातील इतर माणसांना ती परीक्षा ठाऊक होती, त्यामुळे कोणाला समजावून सांगावे लागले नाही. मगनने दुसरी कात्री उचलली आणि तो शेजारी उभा राहून दोरे कापू लागला. मग म्हणाला, "नाना, तीन ताकानं मनं नाव खराब करं तुमीनी. आते गावले गयात की पारोळानी बसमा मनी तारीफ करा. मोठ्या आवाजमा करा."

"करसू."

"आनि आज जा दवाखानामा. नही तर मी सपाट कापडमा भी चौकडी पाडसू, मंग बांधत बसा दोरा."

दवाखान्यातील डॉक्टरीणबाईंनी डोळ्यात थेंब घालून, यंत्रापुढे हनुवटी टेकवायला लावून, दोन तास तपासणी केली. इतक्या बारकाईने कोणी तपासत असलेले पाहून नानांच्या मनात त्यांच्याविषयी आदर निर्माण झाला, तरीही विश्वास बसायला वेळ लागला. बाईंनी सांगितले की, उजव्या डोळ्याच्या पडद्याच्या मध्यभागी पाणी झिरपते आहे. त्यासाठी डोळ्यात इंजेक्शन द्यावे लागेल, एकदा नव्हे तर अनेकदा, आणि उशीर केला तर जे आहे तेही जाईल. पूर्वीची नजर परत येईलच असे वचन त्या देऊ शकत नव्हत्या.

नानांनी पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली. "हे काम करते का, नाही?"

बाईंनी बाटलीवरची चिठ्ठी वाचली. "झेंडूतला हा रंग आपल्या डोळ्याच्या पडद्यातही असतो, काका. पण हे खाऊन तुमचा उजवा डोळा दुरुस्त होणार नाही. त्याच्या भरवशावर बसला असता तर नुकसान झालं असतं. डाव्या डोळ्यात याच आजाराच्या कोरड्या प्रकाराची सुरुवात होऊन ती मधल्या पायरीवर आली आहे. तिथे हा रंग, जस्त आणि काही जीवनसत्त्वं ठरावीक प्रमाणात दिली, तर काही लोकांमध्ये आजार पुढे सरकणं थोडं मंदावतं. सगळ्यांमध्ये नाही. यात ते प्रमाण पूर्ण नाही, मी दुसरी लिहून देते. आणि तंबाखू बंद."

"तंबाखूनं कोनी सांगं तुमले?" नानांनी चटकन नूतनकडे पाहिले.

"तुमच्या दातांनी," बाई म्हणाल्या.

निघताना त्यांनी नानांना एक कागद दिला. त्यावर बारीक चौकटी छापलेल्या होत्या. रोज सकाळी एक एक डोळा झाकून त्या पाहायच्या, आणि डाव्या डोळ्याला एकही रेघ वाकलेली दिसली तर त्याच दिवशी यायचे, असे बाईंनी बजावले. नानांनी तो कागद घेतला, पण छापखान्यावर विश्वास ठेवला नाही. दुसऱ्या दिवशी त्यांनी तो मगनकडे नेला आणि पोलादी पट्टी लावून त्याच्याकडून सर्व रेघा मोजून घेतल्या. मगनने कागदाच्या मागे पेनाने लिहून दिले की, माल पास आहे.

उजव्या डोळ्याला आजपर्यंत चार इंजेक्शने झाली आहेत. लहर पूर्वीपेक्षा उथळ झाली आहे, पण गेलेली नाही. नाना अजून खात्यात जातात, मात्र सपाट कापडच तपासतात, आणि दोरा बांधण्यापूर्वी ज्याचे कापड असेल त्या कारीगराला टेबलापाशी बोलावून विचारतात की, तुला येथे काय दिसते? पहिल्या दिवशी कारीगर बुजले. आता ते भांडतात, आणि त्यामुळे तपासणीला पूर्वीपेक्षा वेळ लागतो. चौकडीचा माल तपासायला भूपेंद्रभाईंनी दुसरा माणूस ठेवला आहे. त्यालाही नानांनी कापड फिरवायला शिकवले, आणि त्यानंतर स्वतःचा एक एक डोळा झाकून पाहायलाही शिकवले.

नवी बाटली स्वयंपाकघराच्या फळीवर, मिठाच्या बरणीशेजारी असते. सकाळच्या जेवणानंतर नाना तिच्यातून एक गोळी काढतात, उजेडात धरून पाहतात आणि गिळतात. एकदा नूतनने विचारले, "मग नाना, गुण येतो का?"

"ताका आजून उलगडी ऱ्हायनू," नाना म्हणाले.

त्या बाटलीच्या गळ्याला त्यांनी एक लाल दोरा बांधून ठेवला आहे.